काट्या-चमच्यांवरचे ठसे : चांदी किती, मुलामा किती?

(बुलढाणा येथे झालेल्या व्याख्यानाचे शब्दांकन)



मागच्या वेळी आपण 'शब्द' या प्रमाणाविषयी बोललो. दुसऱ्यानं सांगितलेली गोष्ट आपण खरी कधी मानायची, असा तो प्रश्न होता. व्याख्यानानंतर दोघा-तिघांनी विचारलं, "सर, हे पोथीत ठीक आहे, पण व्यवहारात याचं काय?" प्रश्न रास्त आहे. म्हणून आज आपण अगदी व्यवहारातली, हातात धरता येईल अशी वस्तू घेणार आहोत. जुने, चांदीसारखे दिसणारे काटे-चमचे आणि त्यांच्या मागच्या बाजूला उमटवलेले बारीक ठसे.

आता बुलढाणा जिल्ह्यात बसून चांदीविषयी बोलायचं म्हणजे खामगावचं नाव आधी घ्यावं लागतं. खामगावला आपण रजतनगरी म्हणतो. तिथल्या चांदीच्या शुद्धतेवर विश्वास ठेवून लांबलांबून लोक भांडी, मूर्ती, ताटं घ्यायला येतात. म्हणजे टंच, मोड, घट, घडणावळ हे शब्द आपल्याला नवे नाहीत. पण विलायती काटे-चमचे पुढे आले की आपली ही सगळी जाण गडबडते. कारण त्यांच्यावरचे ठसे वेगळ्या भाषेत बोलतात. ती भाषा आज समजून घेऊ.

हे चमचे इकडे आले कसे?

1853 मध्ये वऱ्हाड निजामाकडून इंग्रजांच्या कारभाराखाली आला. 1860 च्या दशकात अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळे तिथला कापूस विलायतेला जायचा थांबला आणि वऱ्हाडच्या कापसाला सोन्याचा भाव आला. त्याच दशकात रेल्वे मलकापूर, नांदुरा, शेगाव करत नागपूरकडे गेली. 1870 मध्ये जलंब ते खामगाव हा फाटा सुरू झाला, तो मुख्यतः कापसासाठीच. कापसाबरोबर युरोपियन पेढ्यांचे लोक आले, साहेब आले, त्यांचे बंगले आले आणि बंगल्यात जेवणाचं टेबल आलं. साहेबाची बदली झाली की सामान विकलं जायचं. हळूहळू हे काटे-चमचे आपल्या वाड्यांमधल्या कपाटांतही जाऊन बसले. कुणी पाहुण्यांसाठी काढायचं, कुणी नुसतं जपून ठेवायचं. दोन पिढ्या गेल्या की घरात एकच वाक्य उरतं, "ते आजोबांचे चांदीचे चमचे आहेत."

हे वाक्य खरं की खोटं, यावर आज काय काय अवलंबून असतं ते पाहा. वाटणी होते तेव्हा एका भावाला चमचे आणि दुसऱ्याला तेवढ्या किमतीचं दुसरं काही दिलं जातं. मुलीच्या लग्नात, आजारपणात ती पेटी मोडीला निघते. आणि सराफ म्हणतो, "काका, ही चांदी नाही, मुलामा आहे." त्या क्षणी घरच्यांना वाटतं, हा आपल्याला फसवतोय. सराफ खरं बोललेला असतो आणि तरी लबाड ठरतो. ही गोष्ट लहान नाही.

मुलामा म्हणजे नेमकं काय?

आधी वस्तू समजून घेऊ, मग ठसा. चांदीचं दिसणारं भांडं तीन तऱ्हांनी बनू शकतं.

पहिली तऱ्हा अस्सल चांदीची. चांदी शुद्ध असली की मऊ असते, काट्याचे दात वाकतील. म्हणून तिच्यात थोडं तांबं घालतात. पण ती वरपासून आतपर्यंत एकच.

दुसरी तऱ्हा शेफील्ड प्लेट. 1743 च्या सुमारास इंग्लंडमधल्या शेफील्ड गावात थॉमस बोल्सोवर नावाच्या कारागिरानं तांब्याच्या पाटीवर चांदीचा पत्रा तापवून चिकटवला आणि दोन्ही एकत्र लाटले. मध्ये तांबं, वर चांदी. दिसायला चांदी, किमतीला बरंच कमी.

तिसरी तऱ्हा विजेच्या मुलाम्याची. 1840 मध्ये बर्मिंगहॅमच्या एल्किंग्टन यांनी तिचं पेटंट घेतलं. हलक्या धातूचा चमचा चांदीच्या क्षाराच्या द्रावणात टांगायचा, समोर चांदीचा पत्रा टांगायचा आणि वीज सोडायची. पत्र्यावरची चांदी सुटते आणि चमच्यावर जाऊन बसते. यात एक सुंदर हिशेब आहे. एक अँपिअर वीज एक तास सोडली की साधारण 4 ग्रॅम चांदी बसते. म्हणजे किती चांदी चढवायची हे कारखानदाराला आधीच ठरवता येतं. हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

आत कोणता धातू असतो? बहुतेक वेळा 'जर्मन सिल्व्हर'. नावात सिल्व्हर आहे, अंगात चांदीचा कणही नाही. तांबं साधारण 60 टक्के, बाकी निकेल आणि जस्त. आपल्याकडे अजून एक गोंधळ आहे. खेड्यापाड्यांत ॲल्युमिनियमच्या भांड्याला 'जर्मन'चं किंवा 'जर्मल'चं भांडं म्हणतात. तो धातू निराळा, वजनाला अगदी हलका. जर्मन सिल्व्हरचा चमचा हातात चांगला जड लागतो, आणि म्हणूनच फसायला होतं.

दोन आकडे, दोन वाक्यं

आता ठशांकडे वळू. चमचा उलटा करा, दांड्याच्या मागे भिंगातून बघा. आकडा दिसेल, अक्षरं दिसतील किंवा लहान चित्रं दिसतील. आधी आकडे घेऊ, कारण सगळ्यात मोठा घोळ तिथंच होतो.

एका चमच्यावर 925 आहे. याचा अर्थ, या धातूच्या 1000 भागांत 925 भाग चांदी. हा स्टर्लिंगचा दर्जा. 800 असेल तर 1000 त 800 भाग. युरोपात, विशेषतः जर्मनीत, हा दर्जा फार चालायचा. 1888 पासून जर्मनीत अशा अस्सल चांदीवर चंद्रकोर आणि मुकुट यांचा ठसा आकड्याशेजारी येऊ लागला. हे सगळे आकडे प्रमाण सांगतात. किती भागांत किती भाग, एवढंच त्यांचं म्हणणं.

दुसऱ्या चमच्यावर 90 आहे. आपण काय समजतो? 90 टक्के! शाळेत टक्केवारी शिकलोय ना आपण. पण जर्मन पद्धतीच्या मुलाम्याच्या चमच्यावर 90 म्हणजे 90 ग्रॅम. कशावर? बारा मोठे चमचे आणि बारा काटे, अशा 24 नगांवर मिळून 90 ग्रॅम चांदी चढवली आहे, असं तो ठसा सांगतो. काही वेळा शेजारी दुसरा आकडा असतो, उदाहरणार्थ 45. तो त्या प्रकारच्या एका डझनावर किती ग्रॅम हे सांगतो. कुठे 100 असेल, म्हणजे 100 ग्रॅम. 100 टक्के नव्हे!

म्हणजे बघा, एक आकडा प्रमाणाचा आहे आणि दुसरा वजनाचा. एक वस्तूच्या सबंध अंगाविषयी बोलतो, दुसरा फक्त कातडीविषयी. दोन्ही आकडे खरे आहेत, पण ती दोन वेगळी वाक्यं आहेत.

अजून एक गंमत सांगतो. रशियातल्या जुन्या चांदीवर 84 असा आकडा असतो. तिथं त्या काळी 96 भागांचा हिशेब होता. 96 पैकी 84, म्हणजे साडेसत्त्याऐंशी टक्के. तर एका पेटीत 84 आकड्याचा रशियन चमचा आणि 100 आकड्याचा जर्मन चमचा असेल, तर 84 वाला अस्सल चांदीचा आणि 100 वाला मुलाम्याचा. आकडा मोठा म्हणून चांदी जास्त, हा नियमच नाही.

वाटणीचं गणित

आता हे गणित मांडून पाहू. समजा एका पेटीत 12 चमचे आणि 12 काटे आहेत, प्रत्येक नग 60 ग्रॅमचा. एकूण वजन 1440 ग्रॅम. ठसा आहे 90.

कुणीतरी 90 टक्के समजलं, तर त्याच्या लेखी पेटीत 1296 ग्रॅम चांदी आहे. प्रत्यक्षात, पेटी नवी होती तेव्हाही, 90 ग्रॅम होती. एका चमच्याला पावणेचार ग्रॅम. फरक 1206 ग्रॅमचा, म्हणजे सव्वा किलोच्या जवळपास. आजचा भाव तुम्हीच लावा. एका भावाला ही पेटी 'चांदी' म्हणून गेली आणि दुसऱ्याला तेवढ्या रकमेचं शेत, तर पहिल्यावर केवढा अन्याय झाला! आणि तो कुणी मुद्दाम केला नाही. केवळ एक आकडा चुकीचा वाचला गेला.

त्या 90 ग्रॅमचा थर किती जाड? 36 मायक्रॉन. 28 चमचे एकावर एक ठेवले तर सगळ्यांचे थर मिळून एक मिलिमीटर होतील. त्यातही वर्षानुवर्षं राखेनं, पावडरीनं घासून थोडी थोडी चांदी मोरीत गेलेली असते.

अक्षरांचे ठसे

इंग्लंडहून आलेल्या मुलाम्याच्या चमच्यांवर बहुतेक वेळा आकडा नसून अक्षरं असतात. सगळ्यात जास्त दिसणारी चार, ई.पी.एन.एस. त्यांचा विस्तार 'इलेक्ट्रो प्लेटेड निकेल सिल्व्हर'. म्हणजे विजेनं मुलामा दिलेलं जर्मन सिल्व्हर. शेवटचं 'एस' सिल्व्हरचं आहे खरं, पण ते मिश्रधातूच्या नावातलं आहे. दुसरं रूप ई.पी.बी.एम., यात आतला धातू 'ब्रिटानिया मेटल' असतो, म्हणजे मुख्यतः कथील. हा मऊ आणि लवकर वितळणारा. झाळण करायला दिलात तर भांडंच बसेल, म्हणून जपून. आणि याच नावाशी जुळणारी 'ब्रिटानिया सिल्व्हर' मात्र 958 दर्जाची अस्सल चांदी! एका शब्दाच्या फरकात कथील आणि चांदी.

'ए-वन' असा ठसा दिसला तर तो मुलाम्याच्या प्रतीविषयीचा कारखानदाराचा शेरा आहे. एका कारखान्याचं 'ए-वन' आणि दुसऱ्याचं 'ए-वन' यांत सारखेच ग्रॅम असतील असं नाही. 'नेवाडा सिल्व्हर', 'ब्राझिलियन सिल्व्हर', 'अल्पाका' ही नावं दिसली तर ती जर्मन सिल्व्हरच्याच घरातली समजा. त्यांत चांदी नसते.

मग अस्सल इंग्लिश चांदी कशी ओळखायची? तिच्यावर सहसा चार-पाच चित्रांची ओळ असते. पाऊल उचलून चालणारा सिंह स्टर्लिंग दर्जाची खूण. बिबट्याचं तोंड लंडनचं, नांगर म्हणजे जहाजाचा नांगर बर्मिंगहॅमचा, मुकुट त्या काळी शेफील्डचा. एक अक्षर वर्षाचं आणि कारागिराची आद्याक्षरं. आता मुलामेवाल्यांनी काय केलं? ई, पी, एन, एस ही अक्षरं एकेका ढालीत, जुन्या वळणात, ओळीनं उमटवली. लांबून पाहिलं तर तीच चार चित्रांची ओळ वाटते. त्यांनी खोटं काही लिहिलं नाही. फक्त वाचणारा घाईत वाचेल याची सोय करून ठेवली. म्हणून भिंग घ्या आणि सिंह शोधा.

शिंपल्यातली चांदी

आता थोडं आमच्या विषयाकडे येतो. भारतीय तत्त्वज्ञानात भ्रमाचं सगळ्यात गाजलेलं उदाहरण कोणतं? दोरी-साप तर आहेच, पण तेवढंच गाजलेलं दुसरं म्हणजे शुक्ति-रजत. वाळूत शिंपला पडलाय, चमकतोय, माणूस म्हणतो "ही चांदी!" आणि वाकतो. या एका प्रसंगावर आपल्याकडे शतकानुशतकं वाद झाला. नैयायिक म्हणतात, दुसरीकडे पाहिलेली चांदी इथं दिसते, म्हणजे एका वस्तूच्या जागी दुसरी वाटते. प्राभाकर मीमांसक म्हणतात, 'हे' एवढंच डोळ्याला दिसलं, 'चांदी' ही आठवण. या दोहोंतला भेद ध्यानात आला नाही, बस. अद्वैती म्हणतात, ती चांदी आहेही म्हणता येत नाही आणि नाहीही म्हणता येत नाही.

मुलाम्याचा चमचा या सगळ्यांना एक नवी अडचण घालतो. शिंपल्यावर चांदी नसतेच. चमच्यावर मात्र ती खरोखर असते. डोळे जे पाहतात ते खरंच आहे. मग चूक कुठे होते? चूक अनुमानात होते. "वर चांदी आहे, म्हणून आतही चांदी आहे." न्यायशास्त्रात अशा हेतूला सव्यभिचार म्हणतात, म्हणजे जो साध्य असेल तिथंही सापडतो आणि नसेल तिथंही सापडतो. चकाकी अस्सल चमच्यावरही आहे आणि मुलाम्यावरही. मग चकाकीवरून काहीच सिद्ध होत नाही.

याच न्यायानं घरोघरी चालणाऱ्या कसोट्या तपासा. "काळा पडतो, म्हणजे चांदीच." काळी पडते ती वरची चांदी, मुलाम्याचा चमचाही तितकाच काळा पडतो. "चुंबक चिकटत नाही, म्हणजे चांदी." जर्मन सिल्व्हरलाही चिकटत नाही. "कसोटीच्या दगडावर चांदीची रेघ उठते." उठणारच, दगडाला घासतो ती कातडी. म्हणून जाणता सराफ आधी आडोशाच्या जागी कानशीनं लहानशी खाच पाडतो आणि मग तेजाबाचा थेंब टाकतो. आत तांब्याचा मिश्रधातू असेल तर हिरवट फेस येतो. हल्ली यंत्रावर टंच काढतात. तेही यंत्र वरच्या पातळ थरातलं वाचतं, त्यामुळे जाड मुलाम्यावर तेही फसू शकतं. यंत्र खोटं बोलत नाही. आपण त्याला कातडीविषयी विचारतो आणि उत्तर अंगाविषयी आहे असं समजतो.

ठसा ही साक्ष आहे

तर मग ठसा म्हणजे काय? ठसा म्हणजे कुणीतरी दिलेली साक्ष. न्यायदर्शनात विश्वास ठेवण्याजोगं बोलणाऱ्याला 'आप्त' म्हणतात. वात्स्यायनाच्या मते आप्त तो, ज्याला विषय स्वतः नीट माहीत आहे आणि जो जसा माहीत आहे तसाच सांगू इच्छितो. पुढे तो म्हणतो की हे लक्षण ऋषीला, आर्याला आणि म्लेच्छालाही सारखंच लागू आहे. म्हणजे शेफील्डचा कारखानदारही आप्त असू शकतो. मात्र त्यासाठी आपण तीन प्रश्न विचारायला हवेत.

पहिला, बोलतंय कोण? चमचा बनवणारा स्वतःच, की तिसरा कुणी तपासणारा? इंग्लंडमध्ये 1300 मध्ये राजा पहिला एडवर्ड याच्या काळात कायद्यानं बिबट्याच्या तोंडाचा ठसा आला. पुढे लंडनच्या सोनारांच्या सभागृहात, म्हणजे गोल्डस्मिथ्स हॉलमध्ये, माल तपासून ठसा मारायची रीत पडली. त्या 'हॉल'वरूनच 'हॉलमार्क' शब्द आला. इंग्रजी अमलातल्या हिंदुस्थानात असं तपासणी कार्यालय नव्हतं. कलकत्त्याची हॅमिल्टन, मद्रासची पी. ऑर यांसारख्या पेढ्या अस्सल चांदीची भांडी बनवत, पण ठसा त्यांचा स्वतःचा असे. तिथं पेढीचं नाव हाच पुरावा.

दुसरा प्रश्न, कशाविषयी बोलतंय? अंगाविषयी की कातडीविषयी? हे आपण 925 आणि 90 मध्ये पाहिलं.

तिसरा प्रश्न, कधीचं बोलणं आहे? याचं उदाहरण आपल्या आजीच्या गाठोड्यात आहे. 1835 पासूनचा कंपनीचा आणि मग राणीछाप, राजाछाप रुपया 180 ग्रेनचा, म्हणजे बरोबर एक तोळ्याचा. त्यात 12 भागांत 11 भाग चांदी. लोक डोळे मिटून तो आटवायचे आणि दागिना करायचे. 1940 मध्ये सरकारनं रुपयातली चांदी निम्म्यावर आणली. रुपया तोच, राजाचं तोंड तेच, वजनही तेच. 1947 चा रुपया तर निकेलचा. ज्यानं साल वाचलं तो वाचला. ज्यानं फक्त राजा पाहिला त्याच्या पाटल्यांचा टंच घसरला.

आजच्या चांदीचं सांगायचं तर, भारतीय मानक ब्यूरोचा चांदीसाठी हॉलमार्क 2005 पासून आहे. 1 सप्टेंबर 2025 पासून त्याला सहा अक्षर-अंकांचा एचयूआयडी क्रमांक जोडला गेला. सोन्यासारखी सक्ती न करता तो ऐच्छिक ठेवला. ब्यूरोची खूण, 'सिल्व्हर' हा शब्द आणि त्यासोबत शुद्धतेचा अंक, मग तो क्रमांक. 'बीआयएस केअर' या ॲपवर क्रमांक टाकला की दागिन्याची नोंद दिसते. हा तिसऱ्या पक्षाचा ठसा आहे आणि तो मुलाम्याच्या वस्तूला मिळत नाही.

घरी काय करता येईल?

खाच न पाडता घरच्या घरी करता येण्यासारख्या तीन गोष्टी सांगतो.

एक, झीज बघा. चमच्याची पाठ टेबलावर टेकते ती जागा आणि काट्याच्या दातांची टोकं. मुलामा तिथं आधी जातो आणि खालून पिवळसर-करडा धातू दिसू लागतो. शेफील्ड प्लेट असेल तर तांबूस.

दोन, पाण्यातलं वजन. स्वयंपाकघरातल्या डिजिटल काट्यावर पाण्यानं भरलेलं पातेलं ठेवा आणि काटा शून्यावर आणा. सहा चमचे दोऱ्यानं एकत्र बांधून पाण्यात पूर्ण बुडतील पण तळाला टेकणार नाहीत असे धरा. काटा जितके ग्रॅम दाखवेल तितके मिलिलिटर त्या चमच्यांचं आकारमान. कोरड्या वजनाला त्या आकड्यानं भागा. अस्सल चांदी असेल तर उत्तर 10 च्या पुढे येईल, जर्मन सिल्व्हर असेल तर पावणेनऊच्या आत. 360 ग्रॅमच्या सहा चमच्यांना पहिल्या बाबतीत काटा 35 च्या आसपास जाईल, दुसऱ्या बाबतीत 41-42 च्या. आर्किमिडीजची ही रीत कातडीला विचारत नाही, सबंध अंगाला विचारते. म्हणून ती भरवशाची.

तीन, सुऱ्या बाजूला काढा. जुन्या सुरीचं पातं पोलादाचं असतं आणि मूठ पोकळ, आत राळ भरलेली. मुठीवर सिंह असला तरी तो फक्त पातळ पत्र्याविषयी बोलतो. सुरी तराजूत टाकून चांदी मोजू नका.

सराफाचा शब्द

शेवटी एक गोष्ट. मराठीत 'मुलामा' हा शब्द आपण दिखाऊपणासाठी वापरतो. पण ज्या कारखानदारानं चमच्यावर स्पष्ट ई.पी.एन.एस. असं उमटवलं, त्यानं उलट प्रामाणिकपणे कबूल केलंय की मी वरून चांदी आहे, आतून नाही. शंभर-सव्वाशे वर्षं तो चमचा कपाटात पडून हेच सांगतोय. आपण त्याला वाचलं नाही. मग खोटं कोण बोललं? ठसा नाही, सराफही नाही. आपल्या घरातली आठवण ठशापेक्षा मोठ्यानं बोलली, एवढंच. म्हणून वाटणीच्या आधी, मोडीच्या आधी ठसा वाचावा आणि सगळ्या भावंडांसमोर वाचावा.

श्रोत्यांचे काही प्रश्न

*प्रश्न : ठसाच नसेल तर?*

ठसा नसणं हा कशाचाच पुरावा नाही. गावातल्या कारागिरानं घडवलेली अस्सल चांदीची भांडी अनेकदा ठशाविना असतात. तिथं पाण्यातलं वजन करा आणि मग सराफाकडून खाच पाडून तपासणी करून घ्या. साक्षीदार नाही म्हणून गुन्हाही नाही आणि निर्दोषही नाही.

*प्रश्न : मुलाम्याचे चमचे मोडीत दिले तर काही मिळतं का?*

चांदीच्या भावानं फार काही नाही. पावणेचार ग्रॅम चांदी वेगळी काढायचा खर्चच बराच होतो. पण जुनी, चांगल्या घडणीची, पूर्ण पेटी असेल तर जुन्या वस्तूंच्या बाजारात तिला वस्तू म्हणून किंमत असते. ती किंमत टंचाची नसून घडणीची आणि वयाची. म्हणून आटवायला देऊ नका, आणि चकाकी आणायला राखेनं घासूही नका. मऊ कापड, साबणाचं पाणी पुरे. अंडं किंवा आंबट लागलं तर लगेच धुवा.

*प्रश्न : सर, घरातल्या म्हाताऱ्या माणसांना कसं सांगायचं, की तुमची चांदी चांदी नाही?*

हा सगळ्यात अवघड प्रश्न. आमचं म्हणणं असं की, "चांदी नाही" हे वाक्यच अपुरं आहे, म्हणून ते बोलू नये. त्यांच्या हातात भिंग द्या आणि ठसा त्यांनाच वाचू द्या. प्रत्येक अक्षर काय सांगतंय ते सोबत बसून समजावून द्या. आजोबांनी चमचे विकत घेतले तेव्हा त्यांना ते मुलाम्याचेच आहेत हे बहुधा ठाऊक असेल. किंमतही त्यांनी मुलाम्याचीच दिली असेल. चांदीची गोष्ट नंतरच्यांनी जोडली. म्हणजे आजोबा फसले नव्हते, हे त्यांना सांगता येतं. आणि ते सांगितलं की पुढचं सगळं सोपं होतं.